कुंदाची डावी वेणी

आमच्या ग्रुपमधे सगळ्यांच्या कॅरेक्टरची नावं एकदम भारी, दोनदा विचारल्याशिवाय उच्चार कळत नाही अशी, आणि माझ्या चोरणीचं नाव कुंदा. चार वर्षांपूर्वी मुलुंडला मित्राकडे पहिल्यांदा डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत प्रत्येकाने आपापलं एक कॅरेक्टर चालवायचा गेम, खेळायला गेले तेव्हा मेगाब्लॉकमुळे तासभर उशीर झाला होता, सगळे माझ्यासाठी थांबलेले, म्हणून कॅरेक्टरची माहिती लिहायच्या शीटवर जे सुचलं ते लिहून टाकलं. दोन वेण्या, काळे डोळे, बारीक अंगकाठी, मापापेक्षा मोठं चामड्याचं जॅकेट. झालं, कुंदा तयार.

आता गंमत बघा. शीटच्या पहिल्या पानावरचे हिट पॉइंट्स, म्हणजे अंगात किती जीव उरलाय तो आकडा, मी पेन्सिलने लिहिते कारण ते सारखे बदलतात, खोडून खोडून तिथला कागद पापडासारखा पातळ झालाय. आणि दुसऱ्या पानावर वय, उंची, वजन, डोळे, त्वचा, केस असे रकाने आहेत ते मी पेनाने भरले होते. म्हणजे मार किती खाल्ला ते बदलणार पण मार खाऊन माणूस दिसतो कसा ते नाही बदलणार, असं मी न कळत ठरवूनच टाकलं होतं की!

सहाव्या लेव्हलला काळा ड्रॅगन भेटला. काळा ड्रॅगन आग नाही फेकत, ॲसिड फेकतो. माझा डेक्सचा, म्हणजे चपळाईचा, फासा चांगला पडला, पण सहाव्या लेव्हलला फासा चांगला पडूनही अर्धं डॅमेज बसतंच. सातव्याला चोरांना इव्हेजन, म्हणजे असा मारा चुकवायची कला, मिळते, त्यात तोच फासा पडला असता तर एक थेंब लागला नसता. एका लेव्हलने चुकलं! मला हे अजून झोंबतं, कुंदाला किती झोंबलं असेल. कशीबशी वाचली, मग आठ तासांची लॉंग रेस्ट, आणि सकाळी उठून मी आकडा लिहिला, 39 पैकी 39. ठणठणीत. म्हटलं, अरे, ॲसिड होतं ना ते?

डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा, म्हणाला रूल तसाच आहे. असेल. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसनने हा गेम काढला तो मुळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या नादातून, आणि त्या सैनिकाला कुठे व्रण असतो, तो एकतर उभा असतो नाहीतर उचलून बाजूला ठेवलेला. पण मी त्या रात्री करी रोडला घरी येऊन दुसरं पान काढलं आणि 'केस' या रकान्यात पेनाने लिहिलेल्या 'दोन वेण्या' मधलं 'दोन' खोडून 'एक' केलं. डावीकडची गेली. तिथे कानामागे कातडी गुळगुळीत, तांबूस. पेन्सिलने चित्र काढलं, वाईट आलं, पण ती पहिल्यांदाच ओळखीची वाटली.

तेव्हापासून नाद लागला. खंजीर आधी उजव्या कमरेला होता, एका भुरट्याने तो मागून ओढून नेला, मग नवीन आला तो डाव्या काखेत गेला. जॅकेट जाऊन बटणवालं घेतलं, 45 सोन्याची नाणी, पण बाह्या जुन्याच जॅकेटच्या कापून आत शिवल्यात (रूलमधे याने काहीच फरक पडत नाही, डीएमने फक्त मान हलवली).

हे आपल्याकडे तर रोज दिसतं. दादरला गर्दीच्या वेळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा, मुंबईत नवीन आलेल्याची सॅक पाठीवर असते. मुरलेल्याची पोटावर. कोणी शिकवत नाही, एकदा चेन उघडी सापडते आणि सॅक आपोआप पुढे येते. माझी ओढणी अशीच गेली. एकदा डब्यात चढताना कोणाच्यातरी बॅगेच्या बकलात अडकली, मी आत आणि ओढणी बाहेर, त्यानंतर खिसेवाले कुर्ते सुरू झाले ते आजपर्यंत. ऑफिसात एकीने विचारलं स्टाइल चेंज केली का गं. काय सांगणार!

आमच्यातला पॅलाडिन, म्हणजे चिलखतवाला धर्मयोद्धा, याच्या बरोब्बर उलटा. त्याने दोन वर्षं पैसे साठवून 1500 नाण्यांचं प्लेट आर्मर, म्हणजे अंगभर धातूचं चिलखत, घेतलं, वजन 65 पाउंड, म्हणजे साधारण तीस किलो, तांदळाचं पोतं अंगावर घेऊन फिरायचं, आणि त्यावर आजवर एक पोचा नाही. का? तर तो रोज पॉलिश करतो म्हणे. त्याचं कॅरेक्टर नेहमी पोस्टरवर असल्यासारखं दिसतं. कॉम्प्युटरवर खेळणारे अजून पुढचे, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधे 2011 पासून सोय आहे, अंगात ताकदीचं चिलखत घालायचं आणि दाखवायला दुसरंच कुठलंतरी आवडीचं. त्याआधी लेव्हल वाढवणारे लोक मिळेल ते घालायचे, हिरवा खांदा, जांभळी पँट, डोक्यावर बादली. सगळे हसायचे त्याला. मला विचाराल तर तेच खरं रूप होतं, कुठून काय मिळालं ते अंगावर वाचता यायचं.

वेणी परत वाढव ना, असं मित्राची आई म्हणते. काकू पोहे घेऊन आल्या की आधी विचारतात आज कोण मेलं का, आणि मग कुंदाचं चित्र बघतात. व्रणावर केस येत नाहीत काकू, म्हटलं. मग त्यांनी तव्याच्या चटक्याचा हातावरचा डाग दाखवला, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातला, आणि पोहे थंड होईपर्यंत ती गोष्ट सांगितली.

गेल्या रविवारी आम्ही फिरत फिरत पहिल्या लेव्हलच्या गावात परत पोचलो. तिथल्या खानावळीतून कुंदाने तेव्हा चमचे ढापले होते. तेव्हा म्हातारी तिला 'ए कार्टे' म्हणाली होती, डीएम तिचा आवाज फार छान काढतो. या वेळी म्हातारीने एक वेणी बघितली, कानामागचं बघितलं, काखेतला खंजीर बघितला आणि म्हणाली, "बसा बाई. काय घेणार तुम्ही?"

'तुम्ही' ऐकून मला बोलायलाच सुचेना. मी म्हटलं कुंदा गप्प बसते.

म्हातारीने टेबल पुसलं, पाणी ठेवलं आणि जाता जाता चमचे उचलून आत घेऊन गेली.