कॉकपिटमधले आकडे वाचता यावेत म्हणून: नव्या व्हीआर हेडसेटपर्यंतचा माझा अनुभव

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात डिसेंबर २०२० मध्ये व्हीआर आलं, म्हणजे डोक्यावर पडद्यांचा हेडसेट चढवून आपण थेट चित्राच्या आत बसल्यासारखं पाहायचं. क्वेस्ट २ हा हेडसेट चढवून सेसना १७२ या छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलो आणि त्यानंतर मॉनिटरवर उडण्यात मन रमेना. दार हाताशी, पंख डोक्यावर, मान वळवली की मागची सीट. सगळं खऱ्या मापाचं.

फक्त वाचता काही येत नव्हतं. या विमानात गार्मिन जी१००० चे दोन पडदे असतात. पायलटसमोरच्या पडद्यावर डावीकडे वेग, उजवीकडे उंची. ते आकडे नीट दिसायला मला प्रत्येक वेळी पुढे वाकावं लागे. आकाशात वर असताना ते चालून जातं. पण उतरताना नजर धावपट्टीवर हवी आणि वेग ओझरत्या दृष्टिक्षेपात कळायला हवा. तिथे सगळा ताल बिघडायचा. धावपट्टीशेजारचे पीएपीआय, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारे, दिवेही तसेच. चार दिवे असतात, दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतार बरोबर, लाल वाढले तर आपण खाली आलो. मला अगदी जवळ येईपर्यंत त्या जागी गुलाबीसर डागच दिसायचा. म्हणजे हेडसेट बदलायचं कारण सुंदर चित्र हे नव्हतंच. मला वाचायचं होतं.

म्हणून हेडसेट निवडताना एकच माप धरलं, नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात. निरोगी डोळ्याला साधारण साठपर्यंतचा बारकावा कळतो. क्वेस्ट २ मध्ये ते जेमतेम वीस. क्वेस्ट ३ मध्ये पंचवीस, शिवाय त्याची पॅनकेक म्हणजे चपटी भिंगं कडेपर्यंत स्वच्छ, आणि बहुतेकांना मी आजही तोच सुचवेन. पण तो पीसीला जोडला की चित्र व्हिडिओसारखं दाबून केबलमधून किंवा वायफायवरून येतं. पावसाळ्यातल्या सह्याद्रीसारखी गच्च झाडी त्या दाबण्यात सारवल्यासारखी होते. एचपी रिव्हर्ब जी२ एके काळी सिम्युलेटरवाल्यांचा लाडका होता, पण तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या ज्या प्रणालीवर चालायचा ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. वापरलेला रिव्हर्ब स्वस्तात मिळत असेल तर हे आधी लक्षात घ्या. मी शेवटी पायमॅक्स क्रिस्टल लाइटवर आलो. प्रत्येक डोळ्याला २८८० गुणिले २८८० पिक्सेल, काचेची भिंगं, अंशाला पस्तीस पिक्सेल आणि ग्राफिक्स कार्डापासून थेट डिस्प्लेपोर्टची केबल.

हा २८८० चा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा पुढचा खर्च समोर आला. २८८० चा वर्ग म्हणजे ८२,९४,४००, आणि ३८४० गुणिले २१६० च्या ४के पडद्याचे पिक्सेलही नेमके तेवढेच. थोडक्यात, एकेका डोळ्यासमोर एकेक पूर्ण ४के पडदा. त्यातही भिंगामुळे चित्र वाकतं, ते सरळ दिसावं म्हणून हेडसेटचं सॉफ्टवेअर ते उलट वाकवतं आणि त्यासाठी सिम्युलेटरला ते मुळात पडद्याहून मोठं काढावं लागतं. माझं आरटीएक्स ३०७० हे आठ जीबीचं कार्ड यापुढे टिकणार नव्हतं. म्हणून ते विकून सोळा जीबीचं ४०८० सुपर घेतलं, सोबत पॉवर सप्लायही बदलला. हेडसेटचं बजेट काढताना कार्ड त्यातच धरायला हवं. जुन्या कार्डावर नवा हेडसेट लावला की सेटिंग इतकी उतरवावी लागतात की वाढलेले पिक्सेल कोरेच राहतात.

डोळ्यांचं काम मात्र स्वस्तात झालं. नाक्यावरच्या चष्मेवाल्याकडे जाऊन दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घेतलं, ते ६६ मिलिमीटर निघालं. क्वेस्ट २ मध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागी थांबतात, त्यामुळे मी कायम दोन खुणांच्या मधे अडकलेला असायचो. नव्या हेडसेटला चाक आहे, हवं तिथे थांबवता येतं. लांबचा नंबर असल्यामुळे त्याच मापाची नंबरची भिंगं करून घेतली, ती हेडसेटमध्येच बसतात. चष्म्यासकट हेडसेट घातला तर चष्म्याची काच आतल्या भिंगावर घासते आणि तिथे पडलेला ओरखडा जन्माचा.

हेडसेट सिंगापूरहून आला. तिथे राहणारा माझा मावसभाऊ गणपतीला येणार होता. "दादा, बिल जपून ठेव, आपण रीतसर ड्युटी भरू," असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने मुंबई विमानतळावर लाल मार्ग धरला, ड्युटी भरली, पावती घेतली. वेळ गेला, पण मनाला घोर राहिला नाही.

पहिल्यांदा घातला तेव्हा चित्र मधोमध लख्ख आणि कडेला मऊ वाटलं. या काचेच्या भिंगांची गोड जागा, म्हणजे जिथून चित्र लख्ख दिसतं तो मधला भाग, पॅनकेकपेक्षा लहान असते. डोळा तिच्या मधोमध बसवण्यासाठी पट्टे, वरखालची उंची, कपाळावरचा कल हे सगळं पुन्हापुन्हा जुळवावं लागलं. दोन मिलिमीटर खाली सरकला तरी आकडे धूसर होत. वजनही क्वेस्ट २ पेक्षा जास्त आहे. मागचा पट्टा कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली नीट अडकवला की भार चेहऱ्यावर येत नाही.

खरा वेळ गेला तो सेटिंगमध्ये. सुरुवात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर, जमिनीवर, इंजिन बंद ठेवून केली. ढग अल्ट्रावरून हायवर आणले, दूरच्या भूभागाचा तपशील कमी केला. सेकंदाला ९० चित्रं म्हणजे एका चित्राला ११ मिलिसेकंद, ७२ केली तर जवळपास १४. हा सिम्युलेटर प्रोसेसरलाही दमवतो, तेव्हा मी ७२ वर आलो आणि खरी चित्रं स्थिर ३६ ठेवून मधली हेडसेटच्या सॉफ्टवेअरला भरू दिली. यात पंख्याच्या पात्यांभोवती हवा थरथरल्यासारखी दिसते, तेवढं मी मान्य केलं. डीएलएसएस (चित्र लहान काढून कार्डाकडून मोठं करून घेण्याची सोय) चालू केलं तर वेग वाढतो, पण बदलत्या आकड्यांमागे त्यांची सावली रेंगाळते. ज्या आकड्यांसाठी हा सगळा खटाटोप, तेच पुसट! ते बंद करून टीएए ही कडा गुळगुळीत करण्याची साधी पद्धत ठेवली आणि चित्राचं माप थोडं उतरवलं. क्रिस्टल लाइटमध्ये डोळ्यांचा माग घेणारे कॅमेरे नाहीत, त्यामुळे नजर जाईल तिथेच बारकावा ही सोय मिळत नाही. स्थिर फोव्हिएटेड रेंडरिंग मिळतं, त्यात कडेचं चित्र कायमच ढोबळ काढलं जातं. भिंगाच्या कडा तशाही मऊ, म्हणून ते खटकत नाही.

मग लोहगावहून मुंबईच्या जुहू विमानतळाकडे निघालो. पवना धरण, शेजारी लोहगड आणि विसापूर, पुढे खंडाळ्याचा घाट एकदम खाली कोसळतो आणि कोकण उघडतं. ही वाट मी जुन्या हेडसेटमध्येही उडालो आहे, पण तेव्हा गड म्हणजे हिरवट गोळे होते. आता विसापूरचं सपाट पठार आणि लोहगडाची विंचूकाट्याची सोंड वेगवेगळी ओळखता आली. आणि एवढं सगळं पाहत असताना पाठ सीटला टेकलेली, वेग आणि उंची नुसती नजर खाली नेली की कळत होती.

जुहू मुद्दाम निवडलं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. पण या जागेची दुसरी गोष्ट माझ्या कामाची आहे. जुहू आणि सांताक्रूझचा मुंबईचा मुख्य विमानतळ अगदी शेजारी, दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशाही जवळपास सारखी. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचं एक डीसी-८ प्रवासी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी संपली तरी न थांबता तिच्यापुढे निघून गेलं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. वरून पाहताना या दोन धावपट्ट्या एकमेकींपासून ओळखणं किती महत्त्वाचं आहे, हे ठाण्याची खाडी ओलांडताना मला नीट समजलं. जुन्या हेडसेटमध्ये इथून दोन करड्या रेघा दिसायच्या. आता सांताक्रूझची लांबी, त्यावर आडवी गेलेली दुसरी धावपट्टी आणि पलीकडे समुद्राला लागून जुहूची आखूड पट्टी, सगळं सुटं सुटं दिसलं. वळसा घेऊन उतरलो. जुहूची पट्टी आखूड, तिथे वेग हातात असावाच लागतो.

पुढच्या रविवारी बाबांना बसवलं. त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं, पण वाचायला चाळिशी लागते. माझी नंबरची भिंगं काढली आणि हेडसेट त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"अरे, माझा चष्मा दे ना, काटे कसे वाचू?"

"बाबा, तसंच बघा."

त्यांनी तेल, इंधन, उंची असं एकेक मोठ्याने वाचून दाखवलं. हेडसेटच्या भिंगांमुळे डोळ्याला सगळंच एक-दोन मीटर दूर असल्यासारखं वाटतं, मग चित्रातली वस्तू नाकासमोर का असेना. म्हणून नुसती चाळिशी असलेल्याला कॉकपिट चष्म्याशिवाय वाचता येतं, मात्र पिक्सेल पुरेसे हवेत. क्वेस्ट २ मध्ये ते तासभर फक्त खिडकीबाहेर बघायचे. आता ते कोणतं बटण कशाचं ते विचारतात, आणि लोहगाव ते शिर्डी जायचं त्यांनी ठरवून टाकलं आहे.

रात्रीच्या उड्डाणाचं मात्र अजून मनासारखं झालेलं नाही. पडदे एलसीडी आहेत आणि मी मागचा प्रकाश तुकड्यातुकड्याने मंद करणारा महागडा प्रकार घेतला नाही, त्यामुळे अरबी समुद्रावरचा काळोख राखाडी दिसतो. ज्यांना रात्रीच जास्त उडायचं आहे त्यांनी तो प्रकार घ्यावा किंवा ओलेड, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो अशा, पडद्यांचा हेडसेट बघावा. मी सध्या संध्याकाळी साडेपाचला निघतो आणि उजेड आहे तोवर उतरतो.