डेव्हिल्स लेकवर कयाक: सातवी खेप

झाली! काल सकाळी कयाकने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) काठाकाठाने तळ्याची अख्खी फेरी कुठेही न थांबता पूर्ण केली. मे महिन्यात पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं तेव्हा एवढंच ठरवलं होतं.

नव्यांसाठी थोडक्यात: डेव्हिल्स लेक हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं, बाराबूजवळचं स्टेट पार्क, १९११ सालचं. मॅडिसनहून गाडीने तासाभरात पोचते. तळं साधारण ३६० एकरांचं, दोन्ही बाजूंना पाचशे फुटी कडे. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर वाढलेल्या माझ्या डोळ्यांना हा जांभळट-गुलाबी क्वार्टझाइट खडक अजूनही नवा वाटतो. तो सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा, तळं मात्र त्या मानाने कालचं. हिमनदीने आणलेल्या दगडमातीचे बांध दरीच्या दोन्ही तोंडांशी साचले आणि मधे पाणी अडलं. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक या तळ्याला पवित्र मानतात. दक्षिण किनाऱ्याजवळ पक्ष्याच्या आकाराचा, शेकडो वर्षांपूर्वी रचलेला मातीचा उंचवटा आहे. पाण्यात उतरण्याआधी मी तिथे जाऊन येते.

इथे पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे, त्यामुळे शिकायला पाणी उत्तम. अडचण वाऱ्याची. कड्यांमधून तो नळीतून आल्यासारखा घुसतो. पाचव्या खेपेला पश्चिम कड्याखाली त्याने मला चांगलंच अडवलं होतं. कयाकचं नाक सारखं वाऱ्याकडे वळायचं आणि मी एकाच हाताने ओढत राहायचे. उतरून दम घ्यावा तर कड्यावरून कोसळलेले धोंडे थेट पाण्यापर्यंत आलेले. परतल्यावर दोन दिवस खांदा दुखला.

कारण नंतर समजलं. पुढे जाताना नाकाला पाण्याचा दाब धरून ठेवतो, शेपूट मोकळी असते. वारा शेपटीला ढकलतो आणि नाक आपोआप वाऱ्याकडे फिरतं. म्हणून या वेळी पाण्याच्या बाटल्या आणि डबा मागच्या कप्प्यात ठेवला. शेपूट जराशी खाली बसली. मग वारा येतो त्या बाजूला कंबर किंचित कलती ठेवून त्याच बाजूने लांब, अर्धवर्तुळाकार वल्हं मारलं. फरक पहिल्या दहा फटक्यांतच कळला. आणि ओढायचं ते दंडाने नाही, पोटापासून वळून. हे सगळेच सांगतात, पण अंगात मुरायला मला सात खेपा लागल्या.

पूर्व काठाला रुळांवरून मालगाडी गेली, वर गिधाडं घिरट्या घालत होती. वल्हं मांडीवर आडवं ठेवून बघत बसले. (थांबणं मोजलं नाही, कयाक वाहतच होती.)

राहिलेलं काम: उलटल्यावर स्वतः परत चढणं. काठाजवळ, मैत्रीण शेजारी उभी असताना, वल्ह्याला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा आधार) बांधून तीनदा प्रयत्न केला, एकदाच जमलं. पाय आधी आत घालायचे की छाती आधी मागच्या भागावर टाकायची, इथेच गोंधळ होतो. ज्यांना जमतं त्यांनी आपला क्रम नक्की सांगा. पुढच्या शनिवारी पाणी उबदार असेल, तेव्हा फक्त याचाच सराव.