एवढं माहीत असून घाबरता कशाला?

हा प्रश्न मला डॉक्टरांनी विचारलाय, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलाय. नवऱ्याने तर इतक्यांदा विचारलाय की आता तो नुसता बघतो आणि मला कळतं. "या आजाराचं सगळं तुला तोंडपाठ आहे. मग ॲडमिट व्हायचं म्हटलं की हातपाय का गळतात?" माझ्याकडून फोनवर माहिती घेणारे नवे पेशंटही शेवटी इथेच येतात, जरा हिरमुसून. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून काढते. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखमा होतात, रक्त पडतं. महिनोन्‌महिने शांत बसतो आणि मग उसळतो. औषधं वेळेवर घेऊनही उसळतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण "काही चुकीचं खाल्लंत का?" हा पुढचा प्रश्न लोकांच्या ओठांवर तयारच असतो. नाही खाल्लं.

भीती अज्ञानातून येते असं मीही मानत होते. वॉर्डात नव्या माणसाला ऐकवायचेसुद्धा, की समजून घ्या, भीती आपोआप जाईल. काही भीती जाते, खोटं कशाला बोलू? हा आजार कुणाला लागत नाही, रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नसतं, स्टिरॉइड मनाने एकदम बंद करायचं नसतं, एवढं कळलं तरी माणूस सैलावतो. पण आणखी वाचत गेलं की दुसरी एक भीती भेटते, आणि तिची गाठ फक्त वाचणाऱ्याशीच पडते.

मोठा झटका आला तेव्हाची गोष्ट. शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड सुरू झालं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. अशा झटक्यात तिसरा दिवस महत्त्वाचा, हे मला ठाऊक होतं. १९९६ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी एक आडाखा मांडला होता: तिसऱ्या दिवशी मोशन दिवसाला आठाच्या वर असतील, किंवा तीन ते आठ असून रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, ४५ च्या वर असेल, तर त्याच मुक्कामात आतडं काढावं लागण्याची शक्यता ८५ टक्के. शेजारच्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या घोरत होत्या. मी मात्र आठापर्यंत मोजत पडले होते. पोटात कळ आली की आधी दुखायचं नाही, आधी आकडा दिसायचा. कमोडवर बसून मी स्वतःशी वाद घालत होते, की आत्ता नुसतं रक्त आणि आव पडली, ती धरायची की नाही? सकाळी सिस्टर तक्ता घेऊन आल्या. "रात्री मोशन किती?" मी खरा आकडा सांगितला. पण तो सांगायच्या आधी जी दोन-चार सेकंदं गेली, त्यांत मी दोन वेगवेगळे आकडे मनात बोलून पाहिले होते. दुसरा एकाने कमी होता.

ही भीती अडाणी माणसाला होत नाही. आता म्हणाल, मग वाचता कशाला? थांबा.

त्याच रात्री आणखी एक चाललं होतं आणि त्याबद्दल माझ्या सगळ्या वाचनात एक ओळसुद्धा नव्हती. झोप साफ गेली होती. जीभ कोरडी, छातीत धडधड, डोक्यात विचारांची रांग संपतच नव्हती. नवऱ्याने पाण्याची बाटली डाव्या बाजूला ठेवली म्हणून मी त्याच्यावर ओरडले, मग त्याबद्दल रडले, मग रडू थांबेचना. बाहेर दोन डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते, ते माझ्याच ऑपरेशनचं ठरवताहेत आणि मला मुद्दाम सांगत नाहीत, याची मला खात्री पटली. शंका नव्हे, खात्री. मी स्वतःला म्हटलं, एवढी पुस्तकं वाचून हेच का तुझं धैर्य?

राऊंडच्या आधी एक तरुण डॉक्टर शीर बघायला आली. सुई लावता लावता तिने सहज विचारलं, "झोप लागते का? उगाच रडू येतं? चिडचिड?" मी हो म्हटलं. "हे औषधाने होतं. डोस उतरला की बहुतेकांचं उतरतं. रात्री पुन्हा असं वाटलं तर बेल वाजवा, उगाच सहन करू नका." सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील. त्या मुक्कामात माझ्या डोक्यात काय चाललंय हे विचारणारी ती एकटीच. नंतर वाचलं, की १९७२ पासून हे लिहून ठेवलेलं आहे: प्रेडनिसोन या स्टिरॉइडचा रोजचा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर शंभरात एखाद्याला मानसिक त्रास, ८० च्या वर गेला तर अठराएक जणांना. माझा डोस त्या हिशेबाने १०० च्या बरोबरीचा होता.

सीआरपी उतरलं. आतडं त्या खेपेला राहिलं. ते ८५ टक्के अवघ्या ५१ झटक्यांच्या नोंदींवरून काढलेले होते आणि स्टिरॉइडने न आवरणारा झटका आवरायला देतात ते इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध हाताशी येण्याच्या आधीचे होते, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे जास्त वाचलं असतं तर भीती कमी झाली असती? कदाचित. किंवा पुढचा आकडा मिळाला असता.

"मग मनाचं आधीच का नाही बोललात?" हेही विचारतात. त्यालाही कारण आहे. फ्रांझ अलेक्झांडर नावाच्या मनोविश्लेषकाने १९५० साली ज्या सात आजारांची मुळं मनात शोधली, त्यांत आमचा आजार होता. ते मत मागे पडलं, पण लोकांच्या बोलण्यातून गेलं नाही. "टेन्शन घेता तुम्ही." हे तीन शब्द मी किती तोंडांतून ऐकले आहेत! त्यामुळे आम्ही जुने पेशंट एक वाक्य घोटून ठेवतो: हा शरीराचा आजार आहे, मनाचा नाही. ते खरंच आहे. पण ते इतक्यांदा बोलून झालंय की आता मन खरोखर दुखत असेल तरी तोंड उघडत नाही. उघडलं तर समोरचा म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो?

हॉस्पिटलात पडलेल्या माणसाची चिंता आणि उदासी तपासायला १९८३ पासून एक प्रश्नावली आहे. चौदा प्रश्न. थकवा, झोप न येणं असली लक्षणं तिच्यात मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण ती आजारानेही होतात. विचार करून बनवलेली वस्तू आहे. मला घरी सोडताना मिळालेल्या कागदांत औषधांच्या वेळा होत्या, पथ्य होतं, कधी धावत यायचं त्याची लक्षणं होती. मनाचा रकाना नव्हता. यावर मी पुष्कळ तावातावाने बोलत असते. पण ती प्रश्नावली त्या मुक्कामात माझ्यापुढे ठेवली असती, तर मी सगळीकडे 'ठीक' अशीच खूण केली असती, हेही मला माहीत आहे. त्या डॉक्टरने विचारलं तेव्हा मी खरं बोलले, कारण ती सुई लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. याच्यावरून वॉर्डात नेमकं काय करावं हे कुणी मला विचारू नका.

नव्या पेशंटना मी अजूनही माहिती देते, आणि आता स्टिरॉइडच्या रात्रीबद्दल आवर्जून सांगते. तिसऱ्या दिवसाच्या आडाख्याबद्दल सांगत नाही. एका मुलीने स्वतःच शोधून काढला आणि मला फोन केला, "ताई, हे तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?" ती रागावली होती. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण सांगितलं असतं तर ती रात्रभर मोजत बसली असती, हे मी तिला म्हणाले. "मी आत्ताही मोजतेच आहे," ती म्हणाली.