आज दिवसभर शायगर्ल

आज एक्सेल शीट भरता भरता दिवसभर शायगर्लच ऐकत बसले, साउथ लंडनची रॅपर आहे, आणि 2018 च्या 'क्रूएल प्रॅक्टिस' या ईपीपासून (म्हणजे चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) ओळीने सगळं लावत गेले. हिचं रॅप म्हणजे आरडाओरडा नाहीच, एकदम थंड आवाजात कानाशी येऊन काहीतरी चावट कुजबुजते आणि खालून बेस असला येतो की बास! सेगा बोडेगा, कूकू क्लोई वगैरे संगीतकार मित्रमंडळींबरोबर स्वतःचं म्युझिक लेबल काढलं आणि सुरुवातीची गाणी तिथूनच आणली, कुणाच्या दारात ताटकळत बसली नाही, हे मला जाम आवडतं. 2020 च्या 'एलियस' ईपीमधलं 'स्लाइम' तर मी रिपीटवर टाकलेलं, त्यात सोफी या प्रोड्युसरचाही हात आहे आणि ते लगेच कळतं (सोफी 2021 मध्ये गेली, अजून पटत नाही). मग 2022 चा पहिला पूर्ण अल्बम 'निम्फ', त्यात गाणं जास्त, रॅप कमी, पुढच्या वर्षी मर्क्युरी प्राइझच्या (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस) यादीतही आला. चांगलाय, पण मला जरा गुळगुळीत वाटला बुवा. 2024 च्या 'क्लब शाय'मध्ये बाई परत डान्स फ्लोअरवर आल्या तेव्हा कुठे बरं वाटलं. ऑफिसात स्पीकरवर मात्र लावू नका, शब्द नीट ऐकलेत तर कळेल का ते 😄