गंगापूर ते सायखेडा, गळ आणि बाटली घेऊन

नाशिककर सहसा गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला "गंगेवर जाऊन येते" असं सांगून निघाले, तर आईचं लक्ष हातातल्या बादलीकडे. तिला म्हटलं, मासे धरायला चाललोय, आणि संध्याकाळपर्यंत परत सोडूनही येऊ.

टीवायचं, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं, प्राणिशास्त्राचं प्रोजेक्ट होतं. आम्ही चौघं, दोन गाड्या. धरणाखाली गंगापूरजवळ, मग शहर ओलांडून टाकळीच्या पुढे आणि शेवटी निफाड तालुक्यात सायखेड्याला, एकाच नदीवर तीन ठिकाणी गळ टाकायचा. मिळेल तो मासा मोजायचा, सोडायचा आणि तिथल्या पाण्याची एक बाटली भरून घ्यायची. आधी आम्हाला सुचवलं गेलं होतं की नुसते पाण्याचे नमुने घ्या, लवकर उरकेल. आमचा निफाडकर मित्र अडून बसला. पाण्यात कोण राहतं हे न बघता पाण्याबद्दल लिहायचं काय? मला त्याचं म्हणणं तेव्हाच पटलं. तिन्ही ठिकाणच्या मासेमारांना आठवडाभर आधी भेटून आलो, त्यांच्या होकाराशिवाय गळ टाकायचा नाही असं ठरवलं होतं.

गंगापूर धरण १९६५ सालचं, मातीचं. त्याच्या खाली, सोमेश्वरच्या धबधब्याच्या अलीकडे नदी अजून खडकांतून वाहते. साडेसहाला पोचलो तेव्हा पाण्यावर वाफ होती आणि बोटं इतकी गारठली होती की तंगुसाला गाठ बसेना. पंचवटीच्या मैत्रिणीनं कणकेत कापूस घालून गोळा मळून आणला होता. कापसामुळे कणीक पाण्यात लगेच विरघळत नाही, ही तिच्या आजोबांची युक्ती. दुसऱ्या गळाला गांडूळ.

पहिला ओढा गांडुळाच्या गळाला बसला. शिंगटा! वीतभरसुद्धा नव्हता, पण हातात घेतला तर चक्क कुरकुरला. पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा ताठ करून तो असा आवाज करतो, हे पुस्तकात वाचलं होतं. तळहाताला ती थरथर जाणवली तेव्हा खरं वाटलं. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडल्यावर त्याला रोग होतो. म्हणून दर वेळी आधी हात बादलीत, मग मासा पट्टीवर, तोंडापासून शेपटीपर्यंत मोजला की लगेच पाण्यात. दोन तासांत सात मासे, चार प्रकारचे. त्यात एक लहानशी वाम, पट्टीवर काही केल्या सरळ राहीना.

मग बाटली. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा राहू न देता भरायची. त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटनं सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. विंकलरची पद्धत, १८८८ सालची. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असेल तर तपकिरी साका तयार होतो. गंगापूरची बाटली बघता बघता चहासारखी झाली.

नंतर गंगापूर रोडला मिसळ खाल्ली. त्याबद्दल लिहित बसत नाही, नाशिकच्या माणसाला मिसळ सांगायची गरज नाही.

टाकळी म्हणजे जिथे समर्थ रामदासांनी तप केलं आणि नासर्डी गंगेला मिळते ती जागा. आम्ही तिथून पुढे, एका नाल्याचं पाणी नदीत पडतं त्याच्या खालच्या अंगाला बसलो. दीड तास. कणकेचा गोळा जसाच्या तसा वर येत होता, गांडूळही. वासानं डोकं दुखायला लागलं होतं, पण आम्ही उठलो नाही, कारण रकान्यात शून्य लिहायचं तर पूर्ण वेळ बसूनच लिहायला हवं. मधेच एकदा पाण्यावर एक काळं मिशाळ तोंड आलं, हवा घेतली आणि बुडालं. मांगूर असावा. मरळ आणि मांगूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे जिथे बाकीचे गुदमरतात तिथे ते तग धरतात.

बाटलीत दोन्ही द्रावणं टाकली, उलटसुलट केली आणि आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो. साका पांढरा. दुधासारखा पांढरा. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. माझा हात चुकला असेल म्हणून दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. पंचवटीची मैत्रीण लहानपणी गंगेत पोहायला शिकलेली. ती काही न बोलता किटची पेटी आवरायला लागली. मलाही काही सुचलं नाही.

गोदाकाठचा रस्ता दोन्ही बाजूंनी द्राक्षबागांचा. काढणी चालू होती, क्रेटनी भरलेले टेम्पो समोरून येत होते. सायखेड्याला पुलाखाली थडीच्या कडेनं पाणवेलींचा हिरवा गालिचा आणि त्याच्या पलीकडे मोकळं पाणी. इथून खाली नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. तिथे अभयारण्य आहे, त्यामुळे गळाचं काम आम्ही वरच थांबवलं.

इथली बाटली फिकट तपकिरी झाली. गंगापूरइतकी नाही, पण मला हायसं वाटलं. नदी चालता चालता थोडी सावरते. गळाला मासेही लागले, पाठोपाठ नऊ. नऊच्या नऊ चिलापी, म्हणजे टिलापिया.

निफाडकराच्या ओळखीचे एक बाबा कमरेइतक्या पाण्यात जाळं फेकत होते. त्यांनी एक चिलापी आमच्यासमोर धरली आणि तिचा जबडा अंगठ्यानं अलगद दाबला. तोंडातून मोहरीच्या दाण्याएवढी, पिवळसर अंडी ओंजळीत सांडली. काहींना काळे डोळे फुटले होते. ही मादी अंडी आणि नंतर पिल्लंही तोंडात सांभाळते, म्हणून तिची वीण सहसा वाया जात नाही. मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली.

"आता जाळ्यात हीच येती," बाबा म्हणाले. "खायला बरी, पन बाकीचे गेले ना."

"बाकीचे म्हणजे कोणते, बाबा?"

ते काठावर येऊन बसले, बिडी पेटवली आणि बोटांवर मोजत सुरुवात केली. वाम. मरळ. शिंगटा. खडशी, म्हणजे आमच्या पुस्तकातला महाशीर, त्यांच्या वडिलांनी धरलेला. मग अशी नावं आली जी आम्ही कधी ऐकली नव्हती. निफाडकरानं वही काढली. तक्त्यात 'मिळालेले मासे' एवढाच रकाना होता, त्यानं शेजारी पट्टीनं दुसरा आखला आणि वर लिहिलं, 'बाबांनी सांगितलेले'.

"थांबा बाबा, शेवटचं नाव परत सांगा. सावकाश."

त्यांनी परत सांगितलं.