आमची वाटचाल : ट्रेडल मशीन ते लिनक्स

यावलला वडिलांनी ट्रेडल मशीनवर, म्हणजे जुन्या छपाईयंत्रावर बिलबुकं, हँडबिलं, लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली, मग कॉम्प्युटर आला, पेजमेकर अन् कोरल ही डिझाईनची सॉफ्टवेअरं आली, आता केळीच्या बॉक्सवरच्या लेबलांपासून फ्लेक्सपर्यंत सगळं करतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला. आमच्या मशीनी ठणठणीत, पण प्रोसेसर जुने, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणजे विंडोज ११ बसणार नाही. चालती मशीन भंगारात का घालायची? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मशीनी पळायला लागल्या, दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावूनही व्हायरसचा ताप नाही, मराठी युनिकोड टायपिंग पण मस्त.

अडतं ते धंद्याच्या सॉफ्टवेअरला. गिऱ्हाईक पत्रिकेची सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल घेऊन येतं, लिनक्सवरच्या इंकस्केप या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये उघडली की बॉर्डर जागेवर, गणपती जागेवर, पण मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला, तो फॉन्ट आमच्याकडे नाही, मग चि. आणि चि.सौ.कां.च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. मामा-काकांच्या नावांसकट सगळं परत टाइप करा. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) लग्नसराईत एवढा वेळ कुठून काढायचा भाऊ? सीएमवायकेसाठी, म्हणजे छपाईच्या चार रंगांसाठी, परत स्क्रायबस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जा. हिशोबाची टॅली विंडोजचीच, आमच्या फ्लेक्स मशीनचा रिप (डिझाईन मशीनला छापता येईल असं करून देणारं सॉफ्टवेअर) पण विंडोजचाच. वाइनवर, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवायच्या सोयीवर, काही काही चालतं, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्या भरवशावर काम घेता येत नाही.

लिनक्सवाल्यांना सगळं फुकट पाहिजे, असं म्हणतात त्याचा मला राग येतो. कागदाचे, शाईचे पैसे मोजतो तसे सॉफ्टवेअरचेही मोजू, द्या तर खरं! कोरलने २००० साली कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी काढलं होतं, पुढे सोडून दिलं. अ‍ॅनिमेशनचं माया, व्हिडिओ एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह आजही लिनक्सवर मिळतात, कारण मोठे स्टुडिओ मागतात. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, ढीगभर, कोणाकोणासाठी बनवायचं, ही अडचण पूर्वी खरी होती, आता फ्लॅटपॅकमुळे (एकच पॅकेज बहुतेक डिस्ट्रोंवर चालतं) बरीच कमी झालीय. खरी गोम अशी की आम्ही नाइलाजाने एक विंडोज मशीन ठेवून त्यावर कोरल विकत घेतो, आणि कंपनीच्या हिशोबात आम्ही विंडोजचंच गिऱ्हाईक ठरतो. लिनक्सची मागणी मग दिसणार कशी?

म्हणून रिन्यूअलच्या वेळी डीलरला लेखी देतो, लिनक्स व्हर्जन आलं तर तेच घेऊ. रावेर-फैजपूरच्या प्रेसवाल्यांनाही हेच सांगतोय. तोवर टायपिंग, नवीन डिझाईन, पीडीएफ लिनक्सवर आणि कोरल, टॅली, रिप विंडोजवर, असं भागवतोय.