कात्राबाईच्या खिंडीखाली ताडपत्रीची खोप

रतनगड ते हरिश्चंद्रगड हा ट्रेक दसऱ्यानंतर करायचा असं ठरलं होतं, म्हणजे पाऊस संपलेला आणि गवत अजून हिरवं. पण परतीचा पाऊस कुणाचं ऐकतो का! रतनगड उतरून रानातून कात्राबाईच्या खिंडीकडे निघालो आणि दुपारीच आभाळ काळं व्हायला लागलं, लांबून गडगडाट सुरू. खिंड ओलांडली की पलीकडे उतरून कुमशेत गाव, त्यामुळे आमचं म्हणणं पटापट पाय उचलू. सोबत आलेले गावातले मामा मात्र जागचे हलेनात. "इजा चमकायला लागल्या की खिंडीत उभं राहायचं नाय," विषय संपला.

टेंट कुणाकडेच नव्हता, गुहेत किंवा गावातच मुक्काम करायचा हा प्लॅन. सामान म्हणजे मामांची जुनी ताडपत्री, सुतळीचा तोडा आणि आमच्या मॅट.

जागा शोधण्यातच अर्धा वेळ गेला. ओढ्याजवळ मस्त सपाट जागा होती, ती मामांनी बघितलीच नाही, वर पाऊस झाला की तिथून लोंढा येतो. मोठ्या एकट्या झाडाखालीही नको, वीज. शेवटी साधारण सारख्या उंचीच्या झाडांमध्ये थोडी चढावरची जागा मिळाली. आम्ही पश्चिमेकडे पाठ करून बांधायला निघालो कारण आपल्या डोक्यात पाऊस कोकणातूनच येतो, तर मामा म्हणाले, "आरं हा पाऊस उगवतीकडनं येतोय, वारं बघा की आधी."

दोन झाडांना कमरेएवढ्या उंचीवर सुतळीचे तीन-चार पदर पिळून बांधले, ते झालं आढं. मित्राचा हट्ट होता की उभं राहता आलं पाहिजे, तो कुणी मनावर घेतला नाही आणि बरं झालं, कारण उंच बांधलं की वारा आत शिरतो आणि सगळं उचलतो. त्यावर ताडपत्री टाकून तिची वाऱ्याची बाजू पार जमिनीला टेकवली, कडेवर दगड ठेवले, दुसरी बाजू थोडी वर. टेकूला पडलेल्या वाळक्या फांद्याच घेतल्या (कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, ओलं लाकूड तोडायचं नाही).

ताडपत्रीच्या कोपऱ्यांची भोकं कधीच फाटलेली. मामांनी काय केलं, लिंबाएवढा गोटा आतल्या बाजूने कोपऱ्यात धरला, ताडपत्री त्याच्यावर गुंडाळली आणि खाली मानेला सुतळी आवळली. कितीही ओढा, सुटत नाही! आणि एक भारी गोष्ट, झाडापासून येणाऱ्या दोरीवर ताडपत्रीच्या वीतभर अलीकडे चिंधी बांधून लोंबती सोडली. दोरीवरून ओघळत येणारं पाणी चिंधीवरून बाहेरच गळतं, नाहीतर तेच पाणी दोरीच्या वाटेने आत येऊन बरोब्बर डोक्यावर टपकतं.

वरच्या अंगाला काठीने चर काढला, माती खालच्या बाजूला ओढली. खाली पालापाचोळा अंथरला, दमटच होता पण चांगला जाड टाकला आणि वर मॅट, कारण वरून भिजलो नाही तरी जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते.

मग जो धो धो आला! पागोळ्या सरळ चरात पडत होत्या, एक कोपरा फडफडत होता तो मामांनी पडल्यापडल्याच पायाने दाबून धरला. आत शेकोटी करू म्हणणाऱ्याला मामांनी नुसतं बघितलं. प्लॅस्टिकखाली जाळ कोण करतं? गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि चिकटून बसलो, ताडपत्री लहान होती म्हणूनच ऊब राहिली असं मला तरी वाटतं. झोप म्हणाल तर कुणालाच धड लागली नाही, मामा सोडून.

सकाळी खिंड ओलांडून कुमशेतला उतरलो, गरम भाकरी मिळाली. पायथ्याचं पाचनई गाव आणि हरिश्चंद्रगड पुढच्या वेळी. तुम्ही या बाजूला ऑक्टोबरात येणार असाल तर ताडपत्री घ्याच, पण ती पातळ निळी नको, जाडवाली घ्या, वजन थोडं वाढेल, पाठ दुखली तर आळीपाळीने उचला.